जेवत्या पानावरची शिकार

आमचा एक जुना विद्यार्थी काही वर्षांपासून अमेरिकेच्या मेन राज्यात राहतो. लष्करातल्या एका जुन्या घराण्यातला हा मुलगा यमन नीट गळ्यावर चढण्यापूर्वीच इंजिनियर होऊन निघून गेला. पण दर गुरुपौर्णिमेला आणि दर संक्रांतीला न चुकता पत्र धाडतो. यंदाच्या संक्रांतीच्या पत्रात तिळगुळाचे दोन शब्द झाल्यावर त्याने आपल्या शेजाऱ्याची एक हकीकत लिहिली होती. ती वाचल्यापासून मनाला एक टोचणी लागून राहिली आहे.

तिकडे कोयोट नावाचे जनावर असते. आपल्या कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून लहान. पूर्वेकडच्या प्रांतांतले लांडगे माणसाने संपवले, तेव्हा पश्चिमेच्या माळावरचे हे जनावर सरकत सरकत अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत आले. मेनमध्ये डिसेंबरच्या मध्यापासून रात्रीच्या वेळीही याची शिकार करण्याची कायद्याने मुभा आहे. हा शेजारी गृहस्थ काय करतो? हिवाळ्याच्या तोंडी रानाच्या कडेला एक लाकडी खोपटे उभारतो. त्यात शेगडी, खुर्ची आणि कॉफीचा थर्मास. समोर शंभरेक पावलांवर मांसाचे तुकडे टाकतो. तुकडे नुसते टाकले तर जनावर तोंडात धरून पळून जाईल, म्हणून ते पाण्याच्या बादलीत घालून गोठवतो आणि तो बर्फाचा ठोकळा पालथा करतो. मग भुकेले जनावर तिथेच उभे राहून बर्फ चाटत, कुरतडत बसते. पहिले कित्येक दिवस हा बंदुकीला हात लावीत नाही. जनावराला जागेची सवय होऊ देतो. सवय झाली की एका चांदण्या रात्री खिडकी उघडतो.

विद्यार्थ्याने शेवटी विचारले होते, "गुरुजी, शिकवणी संपली की तुम्ही आम्हाला महाराजांच्या शिकारीच्या गोष्टी सांगायचा. आम्ही डोळे विस्फारून ऐकायचो. त्या शिकारीत आणि या शेजाऱ्याच्या शिकारीत नेमका फरक काय?"

उत्तर लिहायला बसलो आणि लेखणी अडली. फरक पुष्कळ सांगता आले असते. तिथे कोयोट, इथे वाघ; तिथे खोपटे, इथे चिरेबंदी मनोरा; तिथे एकटा गृहस्थ, इथे हत्ती, घोडे, तंबू, बँड आणि शेकडो माणसे. पण हे सारे फरक सरंजामाचे झाले. मूळ कृती तपासली तर ती एकच निघते: भुकेल्याला खायला घालायचे, त्याला सवय लावायची आणि तो खात असताना किंवा खाऊन सुस्तावला असताना मारायचा.

नेमक्या याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडली. थंडीच्या हंगामात बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी "संस्थानी शिकार-छावणीची संध्याकाळ" उभी करावयाची आहे, असा निरोप घेऊन दोन भले गृहस्थ घरी आले. शामियाने, मशाली, जुन्या वेशातले भालदार-चोपदार, शिंदेशाही थाटाचे जेवण आणि आमच्या विद्यार्थ्यांचे गाणे. बिदागी चांगली होती. मुलांचे आईबाप खूश होते. मुलांच्या अंगावर अंगरखे आणि पैठण्या चढणार होत्या. मी म्हटले, "मुले गातील. पण गाणे सुरू होण्यापूर्वी निवेदकाने पाहुण्यांना ही शिकार कशी होत असे, तेही पाच मिनिटे सांगावे. रेडकू कुठे बांधत, ते कुणाचे असे, हाक्याला कोण जात, हे सारे." गृहस्थांनी एकमेकांकडे पाहिले. "गुरुजी, जेवणाच्या वेळी असले कशाला?" असे म्हणून ते चहा पिऊन गेले. त्यांचा पुन्हा निरोप आलेला नाही. तेव्हा त्यांना जी पाच मिनिटे नको होती, ती आज इथे घेतो. वाचकांनी रागावू नये. रागवायचेच असेल तर पुरते वाचून रागवावे.

आपल्यातल्या बहुतेक जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यात एखादे तरी पिवळे पडलेले छायाचित्र असते. मधोमध आडवा वाघ, त्याच्या मागे टोपीवाला साहेब, बाजूला महाराज, आणि कडेला फेटा बांधलेले आपले पणजोबा. कुणी खाजगीकडचे कारकून, कुणी शिकारखान्याचे, कुणी छावणीची व्यवस्था पाहणारे. आपण पणजोबांवर बोट ठेवतो. त्या चित्रात जे नाही, त्याच्यावर बोट ठेवायला कुणी शिकवलेले नाही.

वाघाच्या शिकारीचा खरा मोसम उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये ओढे-नाले आटतात, चार-दोन डोहच उरतात, झाडी विरळ होते आणि वाघ पाण्याच्या आसपास सापडतो. पण व्हाइसरॉयसाहेबांना उन्हाळ्यात सिमल्याची हवा हवी. त्यांचे संस्थानी दौरे थंडीतले. थंडीत रानात जागोजाग पाणी, गवत कमरेइतके, वाघ कुठल्या ओढ्यात बसला आहे याचा पत्ता लागणे कठीण. आणि साहेबांचा मुक्काम तीन दिवसांचा. तीन दिवसांत वाघ दिसलाच पाहिजे, पडलाच पाहिजे, तोही साहेबांच्याच गोळीने. हे गणित एकाच रीतीने सुटते. वाघाला आधीपासून एका जागी जेवायची सवय लावणे.

म्हणून पाहुणे यायच्या कितीतरी आधी शिकारखान्याची माणसे रानात उतरत. वाघाची वहिवाट पाहून, ओढा आणि पायवाट मिळतात अशा ठिकाणी, तिन्हीसांजेला रेडकू बांधीत. इकडच्या बोलीत पाडा. म्हशीचे नर पिलू. दूध देत नाही, म्हणून स्वस्त. एकाच ठिकाणी नाही, चार-सहा ठिकाणी. पुढच्या पायाला दोर, दोर खुंटाला किंवा झाडाच्या मुळाला. सकाळी माणसे फिरून पाहत. एखादे मारलेले आढळले की "गारा झाला" अशी वर्दी जाई. वाघ पोटभर खाऊन जवळच्याच सावलीत, पाण्याच्या काठी पडून राही. काही दिवसांनी पुन्हा नवे रेडकू. असे करता करता रानचा राजा रतिबाला लागे.

मग पाहुणे येत. सकाळी गाऱ्याची वर्दी, दुपारच्या जेवणानंतर हाका. एका अंगाने ढोल, ताशे, डबे बडवीत माणसांची रांग. दोन्ही बाजूंना झाडांवर बसवलेली रोकाची माणसे, वाघ वळू लागला की खोडावर टकटक करणारी. आणि समोर मचाण किंवा पक्का मनोरा. पोट भरलेला, झोपेतून उठवलेला वाघ ज्या एकाच वाटेने बाहेर पडू शकतो, त्या वाटेवर बंदूक. हाका नसेल तेव्हा संध्याकाळी गाऱ्यावरच बसायचे आणि वाघ उरलेले खायला आला की मारायचा. या विद्येवर आपल्या माधवराव महाराजांनी इंग्रजीत एक मार्गदर्शक पुस्तकही लिहिले. माणूस मोठा कर्तबगार. संस्थानाचा कारभार, शिवपुरीचे तलाव, आमच्या व्यवसायापुरते बोलायचे तर १९१८ साली पंडित भातखंड्यांच्या सल्ल्याने काढलेले माधव संगीत विद्यालय, या सर्वांत त्यांची बारीक नजर दिसते. तीच नजर शिकारीच्या आखणीतही होती. म्हणूनच ग्वाल्हेरची शिकार सहसा वाया जात नसे. लॉर्ड हार्डिंग आणि लॉर्ड रीडिंग या दोघा व्हाइसरॉयांनी आपल्या संस्थानात मारलेले वाघ तर अकरा फुटांहून लांब नोंदले गेले. मापाची फीत पाहुण्याचा हुद्दा पाहून ताणली जाते, असा विनोद त्या काळी हिंदुस्थानभर प्रचलित होता. खरेखोटे वाघ जाणे.

पंचम जॉर्ज १९०५ च्या डिसेंबरात, युवराज असताना, ग्वाल्हेरला येऊन गेले. पुढे १९११ साली बादशहा म्हणून ते दिल्ली दरबाराला येणार, तेव्हा त्यांच्या मुक्कामासाठी म्हणून शिवपुरीच्या रानातल्या उंच टेकडीवर जॉर्ज कॅसल बांधला गेला. बादशहा त्यात राहिले नाहीत. ते दरबार आटोपून नेपाळच्या तराईत गेले आणि तिथे थोड्याच दिवसांत त्यांच्या मंडळींनी ३९ वाघ मारले. त्यातले २१ खुद्द बादशहांच्या नावावर लागले. तिथेही रीत तीच: रात्री रेडकू बांधायचे, सकाळी हत्तींचे कडे करायचे. जॉर्ज कॅसल मात्र अजून उभा आहे. न आलेल्या पाहुण्यासाठी मांडलेले ते पान अद्याप कुणी उचललेले नाही.

आता एक घरची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण या विषयात माझे हातही अगदी कोरडे नाहीत. आमचे आजोबा दरबारी गवई. वडील १९४६ साली, सोळाव्या वर्षी, त्यांच्या मागे तंबोऱ्यावर बसायला म्हणून दरबारच्या चाकरीत रुजू झाले. दोनच वर्षांत, १९४८ साली, संस्थान मध्यभारतात विलीन झाले. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. त्यामुळे माझ्या वाट्याला दरबार आला नाही, दरबाराच्या आठवणी आल्या. वडिलांनी एकच शिकार-छावणी पाहिली. थंडीतली. पाहुणा कोण होता हे त्यांनी कधी सांगितले नाही, बहुधा त्यांना ठाऊकही नसावे. गवयाच्या पोराला पाहुण्याचे नाव कोण सांगणार?

ते सांगत, की दुपारी एक सहरिया म्हातारा रेडकू घेऊन छावणीमागून गेला. वडिलांनी त्याला मूठभर हिरवा चारा घातला; पोरवयच ते. संध्याकाळी बैठक होती. आजोबांनी तंबोरे जुळवले, तोच हुकूम आला: आज गाणे नाही, आवाज नको, वाघ जवळ आहे. सारे जण अंधारात बसून राहिले. दुरून त्या रेडकाचे ओरडणे येत होते. वडिलांचा कान गवयाचा. सत्तर वर्षे झाली तरी त्यांना तो आवाज आठवे. म्हणत, एकाच स्वरावर ओरडे, मधूनच तो स्वर उतरे, पुन्हा चढे. छावणीतले झाडून सारे लोक, आचारी, माहूत, हुजरे, कारकून, एकाच गोष्टीची वाट पाहत होते: ते ओरडणे कधी थांबते. आणि मध्यरात्रीनंतर केव्हातरी ते थांबले, तेव्हा तंबूतंबूंतून हलक्या आवाजात आनंदाची कुजबुज उठली: "लागला! लागला!"

दुसऱ्या दिवशी वाघ पडला. रात्री बैठक झाली. आजोबा गायले, शाल मिळाली. वडील म्हणत, "तुझे आजोबा त्या दिवशी चांगले गायले, हेच मला सलते. आवाज जरा तरी लागायला नको होता." एवढे बोलून ते गप्प बसत. ती शाल आमच्या घरी आहे. तिच्यावर कसर लागली नाही. वडील दर वर्षी ती स्वतः उन्हात घालीत.

मी गाणे शिकवतो. निःशब्दता ही गाण्यातली फार मोलाची जागा आहे, असे मुलांना रोज सांगतो. दोन ताना संपल्यावर समेपूर्वीची ती क्षणभराची शांतता ऐकायला शिका, म्हणतो. पण अशीही एक शांतता असते, की जिची सारी छावणी कान टवकारून वाट पाहते, कारण तिचा अर्थ एक जीव गेला आणि दुसरा जाळ्यात आला असा असतो. ती शांतताही आपल्याच संस्कृतीचा भाग होती. मग मशालींच्या उजेडात फक्त गाणेच का उभे करावे?

या लिखाणावर काय आक्षेप येतील ते मला ठाऊक आहे. त्यातले काही खरेही आहेत. त्यांचा विचार न करता पुढे जाणे बरोबर होणार नाही.

पहिला आक्षेप: वाघ गुरे मारी, माणसे मारी, त्याचा बंदोबस्त राजाने नाही करायचा तर कुणी? मान्य. जिम कॉर्बेटसारख्या माणसानेही नरभक्षकांसाठी बोकड आणि रेडे बांधले, आणि रात्ररात्र एकट्याने जागून काढल्या. आजही जुन्नरकडे उसात शिरलेला बिबट्या धरायला पिंजरा लावतात, तेव्हा आत बकरी किंवा कोंबडी ठेवतात. मात्र बिबट्याचा पंजा पोहोचू नये अशा वेगळ्या कप्प्यात. हे आमिषच, पण तिथे संकट आधी असते आणि आमिष मागून येते. व्हाइसरॉयसाहेबांच्या वाघाने कुणाचे काय केले होते? तो मुद्दाम पोसलेला वाघ होता. त्याला गावच्या म्हशीचे पिलू खायची चटक ज्यांनी लावली, त्यांनीच त्याला गुरेमारू ठरवून मारले, तर त्याला बंदोबस्त म्हणता येणार नाही. मेनमधला तो शेजारीही म्हणतो, की कोयोट हरणे खातात, म्हणून मी मारतो. पण तिकडचा अनुभव असा, की इतकी वर्षे मारूनही हे जनावर कमी न होता उलट साऱ्या देशभर पसरले. मारा वाढला की उरलेल्यांची वीण वाढते, असे अभ्यासक सांगतात. बंदोबस्ताचे नाव पुढे करायचे आणि हौस भागवायची, हे सर्व देशांत सारखेच चालते.

दुसरा आक्षेप: राजांनी शिकारीसाठी राखली म्हणूनच ही राने उरली. हाही खरा. शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यान ही शिंदे सरकारची शिकारगाहच होती. राखली नसती तर तिथे आज शेते आणि दगडाच्या खाणी असत्या. राखण्याचे श्रेय देऊ या. पण रान राखले आणि रानाचा धनी संपवला, हेही त्याच वहीत लिहू या. त्या रानातले वाघ पुढे १९७० च्या सुमारास नाहीसे झाले. १९७२ च्या गणनेत साऱ्या देशात अठराशेच्या आसपास वाघ उरले होते. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. केवळ राजांनी वाघ संपवले असे मी म्हणत नाही. स्वातंत्र्यानंतर जीपगाड्या आणि शिकार-कंपन्यांनी, जंगलतोडीने आणि विषाने त्यांहून कमी केले नाही. पण आपल्या वाट्याचा हिशेब दुसऱ्याचा हिशेब मोठा आहे म्हणून फिटत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड: तो काळच तसा होता, आजच्या मापाने कालच्यांना मोजू नये. याचे उत्तर मी आजच्या मापाने देणार नाही. आपल्या पणजीच्या मापाने देतो. आपल्या घरांतून एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली: जेवत्या पानावरून कुणाला उठवू नये. मांजराला नाही, भिकाऱ्याला नाही, भांडलेल्या भावाला नाही. वसुलीला आलेला सावकारसुद्धा यजमान जेवत असेल तर ओटीवर थांबत असे. हे माप काही १९७२ च्या कायद्याने आणले नाही. ते त्या छायाचित्रातल्या पणजोबांच्या घरातही होते. स्वयंपाकघरात जे निषिद्ध, ते त्यांनी रानात चालवून घेतले, कारण तिथे नोकरीचा प्रश्न होता. मी त्यांना दोषी ठरवीत नाही. माझे आजोबाही गायलेच. पण नाइलाजाने केलेल्या गोष्टीला आपण वैभव म्हणू लागलो, तर तो दोष पणजोबांचा नव्हे, आपला.

आणि नाइलाज तरी कशाचा होता? इथे मला या सगळ्या व्यवहाराचे मर्म दिसते. वाघासाठी रेडकू बांधले होते, हे खरे. पण लाटसाहेबासाठी वाघ बांधला होता. एकवीस तोफांची सलामी, वारसाची मंजुरी, रेल्वेचा प्रश्न, हद्दीचा तंटा, कारभारात रेसिडेंटाची लुडबूड, या सगळ्यांवर एका वाघाचा थोडाफार तरी उपयोग होई. पाहुणा खूश होऊन गेला की दोन वर्षे बरी जात. संस्थान बलाढ्य सत्तेसमोर जे जे हाती होते ते मांडीत होते: वाघ, जेवण, चांदीच्या आगगाडीतून फिरणारी पेयपात्रे, आणि आमचे गाणे. त्या दोरीच्या एका टोकाला सहरिया म्हाताऱ्याचे रेडकू होते. त्याला त्याचे मोल मिळाले की ती वेठच होती, हे कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही. सगळी साखळी अशी एकात एक अडकलेली. जो दुबळा तो खुंटाला. एवढाच तिचा नियम.

आमच्या ग्वाल्हेर घराण्याच्या मुळाशीही एक आख्यायिका आहे, ती या ठिकाणी आठवते. हद्दूखाँ आणि हस्सूखाँ या भावांना दरबारात पडद्याआड बसवून बडे महंमदखाँसाहेबांचे गाणे चोरून ऐकवले गेले, आणि त्यांची अवघड तानबाजी या मुलांनी उचलली, असे सांगतात. खाँसाहेबांना ते कळले तेव्हा ते संतापले; त्यांच्या आग्रहावरून अतिकठीण तान घेताना हस्सूखाँची छाती फुटली, अशी त्या गोष्टीची दुःखद अखेर. खरीखोटी कशीही असो, आमच्या गुरुजनांनी ती कधी लपवली नाही. घराण्याच्या थोरवीबरोबर तो पडदाही सांगितला. त्याने घराणे लहान झाले नाही. उलट शिष्यांना विद्या काय मोलाने येते हे समजले. गाण्यात जे आपल्याला जमते, ते शिकारीच्या बाबतीत का जमू नये?

हा प्रश्न नुसत्या जुन्या चित्रांचा असता तर मी इतके लिहिले नसते. शिवपुरीच्या त्याच रानात मार्च २०२३ मध्ये वाघ पुन्हा आणून सोडले गेले, आणि मार्च २०२५ मध्ये माधव उद्यान व्याघ्रप्रकल्प म्हणून जाहीर झाले. पलीकडे कुनोत सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ आणि पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेहून बारा चित्ते आणले. त्यापूर्वी सिंहांसाठी म्हणून कुनोतली चोवीस गावे उठवली गेली होती. त्यांत पुष्कळसे सहरियाच. पुन्हा तीच माणसे दोरीच्या टोकाला. विसाव्या शतकाच्या आरंभी याच बाजूला आफ्रिकेतले सिंह आणून सोडण्याचा प्रयोग आपल्या संस्थानाने केला होता. बंदिस्त जागेत पोसलेले ते सिंह मोकळे झाल्यावर गुरांवर आणि माणसांवर येऊ लागले आणि अखेर संपले. हातचे खाल्लेले रानटी जनावर पुरते रानाचेही राहत नाही आणि गावाचेही होत नाही, हा धडा आपल्या घरच्याच इतिहासात आहे.

आता हॉटेले निघतील, गाड्या धावतील, आणि बाहेरचा पाहुणा म्हणेल: मी दोन दिवसांसाठी आलो आहे, वाघ दिसलाच पाहिजे. हे वाक्य ओळखीचे वाटते ना? तीन दिवसांच्या मुक्कामाचे जुने गणित ते हेच. एकेकाळी आपल्या देशातल्या अभयारण्यांतूनही पर्यटकांना वाघ दाखवण्यासाठी रेडे बांधीत. वन्यजीवांची जाण असणाऱ्यांनी विरोध करून व्याघ्रप्रकल्पांतली ती चाल बंद पाडली. बंद पडलेली गोष्ट पुन्हा सुरू व्हायला फार वेळ लागत नाही. मागणारा पाहुणा आणि खूश करणारा यजमान एवढे दोघे पुरे होतात. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला म्हणून आमिषाचे पाप फिटते असे नाही. जनावराला माणसाच्या हातच्या अन्नाची सवय लावली, की त्याचे मरण फक्त पुढे ढकललेले असते. म्हणून आजच आपल्या मुलांना सांगून ठेवले पाहिजे, की रानात जाऊन वाघ न दिसणे यात कसलाही अपमान नाही. पावलांचे ठसे पाहावे, चितळाची हाक ऐकावी आणि परत यावे. मैफलीत दर वेळी तान रंगतेच असे नाही. म्हणून कुणी गवयाला खुंटाला बांधीत नाही.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. ती छायाचित्रे भिंतीवरून काढू नका. तो आपला इतिहास आहे. वाघांची कातडी असतील तर ती लपवू नका. पण त्यांच्याखाली चार ओळी लिहा: साल कोणते, पाहुणा कोण, हाक्याला कोणत्या गावची माणसे होती, आणि इथे किती दिवस रेडकू बांधले जात होते. ज्यांच्या घरी शिकारखात्याचे जुने कागद, रोजमेळ, मोडीतल्या याद्या पडून आहेत, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. घरातल्या वृद्धांना विचारा. पाड्याची किंमत कुठल्यातरी यादीत नक्की लागलेली असेल. दरबारी कारकून एक पै सोडीत नसत. संग्रहालयांतही पेंढा भरलेल्या वाघाजवळ अशी एक पाटी लागली तर शाळेच्या सहलीतल्या पोरांना वाघापेक्षा अधिक काही पाहायला मिळेल.

आणि ती शिकार-छावणीची संध्याकाळ? माझी अट अजून कायम आहे. पाच मिनिटे मिळाली तर मुले गातील, आणि चांगली गातील. न मिळाली तर बिदागी जाईल, चार घरे रुसतील, दोन शिकवण्याही कमी होतील. वडिलांच्या त्या शालीला मी यंदाही ऊन दाखवले; पांघरण्याचा धीर झाला नाही.

अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला काल उत्तर धाडले. लिहिले: "बाळ, फरक काही नाही. त्या गोष्टी मी तुम्हाला अर्ध्याच सांगितल्या होत्या. उरलेली अर्धी आता लिहीत आहे."